सवतीला आणलेली सवत

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणतात, कारण तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतो. दिवसभर दिव्याखाली मान घालून परक्यांचे दात घासायचे, बसवायचे, चमकवायचे. संध्याकाळपर्यंत मान अशी आखडते, की मागून हाक मारली तर अख्खा माणूस वळतो. आणि असा हा माणूस घरी जायला बसायचा कशात? तर जमिनीला पोट टेकलेल्या लालभडक स्पोर्ट्स कारमध्ये!

पन्नाशी दिसू लागली की पुरुषांना काहीतरी खूळ लागतंच. कुणी केस काळे करतो, कुणी पहाटे पळायला लागतो. कवळीवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हौसेने एक वस्तू घेतली, ती ही गाडी. सेकंडहँड होती, पण पळायला वाघीण. आता तिला पळायला रस्ता कुठे होता, हे विचारू नका. घर ते लॅब, लॅब ते घर, मध्ये सिग्नलमागून सिग्नल. क्लच असा जड, की दर वेळी कपाट सरकवल्यासारखं व्हायचं. गतिरोधक आला की हा तिला तिरकी करून, श्वास रोखून, मुंगीच्या पावलाने पलीकडे न्यायचा, आणि मागचे हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढायचे. पेट्रोल तर ती उभ्या उभ्या प्यायची.

तो गाडीला लाडाने लाली म्हणायचा, बायको सवत म्हणायची. "माझ्या सवतीची आंघोळ आटोपली असेल तर जेवायला या," असं ती गॅलरीतून ओरडली, की समोरच्या वकीलबाईंचा दिवस मजेत जायचा.

खरी पंचाईत झाली ती आईच्या गुडघ्यांमुळे. दर आठवड्याला तिला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं होतं. आत जाताना आई घसरून पडल्यासारखी बसायची. बाहेर काढताना हा आतून ढकलायचा, बायको बाहेरून ओढायची. एकदा वकीलबाईंनी वरून विचारलं, "अहो कवळीवाले, भूल दिलीत ना आधी?"

आई कशीबशी उभी राहिली आणि म्हणाली, "गुडघे झिजून संपले तरी चालत जाईन, पण या घसरगुंडीत परत बसायची नाही."

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "तिला ठेवा हवी तर. पण रोजच्याला एक साधी गाडी घेऊ. ॲव्हरेज देणारी, आईंना बसता येईल अशी. होऊ दे सवतीलाही सवत!"

कवळीवाला हो म्हणाला खरा, पण... छोटी गाडी आवडली तर? मग लालीला ठेवायला कारण काय उरणार? तेव्हा त्याने मनाशी एक अचाट बेत केला: घ्यायची ती सगळ्यांत कंटाळवाणी गाडी. म्हणजे लालीवरची माया आटायला नको.

शोरूममधल्या टायवाल्याला असं गिऱ्हाईक जन्मात भेटलं नसेल. पहिली गाडी वळणावर झकास वळली, तसा हा घाईघाईने उतरला. "ही नको."

"का? छान तर होती," बायको म्हणाली.

"सीट टोचते." टोचत नव्हती.

शेवटी एक राखाडी, उंच, आपोआप गिअर बदलणारी गाडी आली. स्टिअरिंग असं मऊ, जणू कवळीच्या साच्यातलं ऊन केलेलं मेण.

"वेग पकडते का?" त्याने विचारलं.

टायवाला चाचरला. "पकडते ना सर... हळूहळू."

"हीच द्या!"

बायकोने तिचं नाव तिथेच ठेवलं, उंदीर. गाडी घरी आली, तेव्हा आईने आधी बूड टेकलं, मग पाय आत घेतले आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर खुर्ची आहे!"

पहिले काही दिवस कवळीवाला उंदरात तोंड पाडून बसायचा. मग एकदा सिग्नलला त्याची मान आपसूक मागे टेकली, आणि मागच्याने हॉर्न दिला तेव्हा हा दचकून जागा झाला. कित्येक वर्षांत मान अशी टेकली नव्हती. लालीवर कव्हर चढलं. रविवारी काढू, असं तो म्हणायचा, आणि रविवारी झोपायचा.

एका सकाळी, आईला दवाखान्यात नेण्याआधी, त्याला लालीची दया आली. किल्ली फिरवली, बॅटरी मेलेली. केबल जोडून उंदराकडून तिला उसनी वीज दिली, तेव्हा ती गरजली. वकीलबाई गॅलरीत आल्या. "अय्या, आहे का अजून?"

कवळीवाल्याने क्लच दाबला. टाचेपासून कमरेपर्यंत कळ गेली. त्याने इंजिन तसंच सुरू ठेवलं, दाराला धरून बाहेर आला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "विकून टाकू. थकलो मी."

आई उंदरात बसूनच होती. बायको केबल गुंडाळत होती, ती थांबली.

"मी सवत म्हटलं म्हणून घराबाहेर काढायची? एवढी वर्षं तिच्या काचा पुसल्यात मी. सरका, मला बसू द्या."

"तुला?"

"लायसन्स मलाही आहे. विचारलंत कधी?"

"अगं, क्लच जड आहे. आणि गतिरोधकावर..."

"तिरकी घ्यायची. शेजारी बसून श्वास मीही रोखलाय."

तो बाजूला झाला. काय करणार? वकीलबाई तर कठड्यावरून अर्ध्या खाली आल्या होत्या.

मग तो आईला घेऊन निघाला. मोठ्या रस्त्याला लागला तेव्हा आरशात एक लाल ठिपका दिसला. बघता बघता त्याचं नाक झालं, दिवे झाले, आणि काचा थरथरवत तो बाजूने निघून गेला.

"ही कोण गं बाई भवानी?" आई ओरडली.

"तुझी सून."

आई पुढे वाकली. मग म्हणाली, "अरे, मग आपण का रांगतोय? दाब की!"

त्याने दाबलं. मान मात्र मागे टेकलेलीच ठेवली. उंदराने वेग पकडला. हळूहळू.