पाणी आटलं तेव्हा आलेले नर

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर रंगवणं चाललं होतं, आणि मी तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले होते. माहेर उदगीरचं, व्यापाऱ्याचं. लग्न सख्ख्या मामाच्या मुलाशी झालेलं. आमच्याकडे होतातच अशी लग्नं, त्यामुळे त्यात काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

लोह्याच्या अलीकडे एक जुनं धरण आहे. ते भरलं तेव्हा मधली महादेवाची टेकडी तेवढी पाण्यावर राहिली. टेकडीवर वड-चिंचेची दाट झाडी, आणि झाडीत अडकलेली वानरांची एक टोळी. पंधरा-सोळा वर्षं ती तिथंच होती. ही टोळी अभ्यासायची म्हणून मी महिन्यातून दोनदा चाकूर, अहमदपूर करत एसटीनं जायची. देवळात दिवा लावायला एक म्हातारा भोई रोज होडी घेऊन जाई, तो मला नेई. मी त्याला मामा म्हणायची.

बेटावरच्या निम्म्याअधिक पिल्लांच्या शेपटीचं टोक मुडपलेलं होतं. काही पिल्लं आठवडाभरही जगत नव्हती. काठावरच्या वानरांत मात्र एकही तशी शेपटी दिसली नाही.

त्या साली पाऊस दोन नक्षत्रं पडला आणि गेला. माघातच धरण निम्म्यावर आलं. होडीत बसल्या बसल्या मामानं एकदा विचारलं, की पिल्लांचं हे असं होतंय तो देवाचा कोप असेल का. धरण भरत होतं तेव्हा गावातले लोक पाण्यावर झाडं आडवी टाकून वानरांना बाहेर काढायचं म्हणत होते. ती महादेवाची आहेत, त्यांना हलवू नका, असं म्हणून यानंच सगळ्यांना अडवलं होतं. पिल्लं मरायला लागल्यापासून हे त्याच्या मनावर होतं.

मी सांगितलं, कोप नाही. एरवी वयात आलेले नर टोळी सोडून जातात, बाहेरचे येतात. इथं येणार कुठून? बाप-लेकी, बहीण-भाऊ, सगळं आपसातच. एखादा दोष रक्तात लपून असतो, तो आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आला की उघडा पडतो. रक्त तपासायची सोय माझ्याकडे नव्हती, पण मला तरी हेच कारण दिसत होतं.

त्यानं वल्हं आत ओढून घेतलं. मग म्हणाला, "आमच्यात बी मामाच्या घरी पोरगी देत्यात, बाई. मंग?"

मला तेव्हा चौथा महिना होता. मी विषय बदलला. वर्गात मी हेच शिकवत होते: एका लग्नानं धोका थोडाच वाढतो, पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेल्या टोळीची गोष्ट वेगळी. पण परतीच्या एसटीत त्यातलं काहीच कामाला आलं नाही. नवऱ्याजवळही बोलले नाही.

वैशाखात पुन्हा निघाले तेव्हा सासूबाई, म्हणजे माझी मामीच, दारात आडव्या आल्या. सातवा महिना, असलं ऊन. तरी गेले. होडी काठावर कलंडली होती आणि बेटापर्यंत भेगाळलेल्या गाळाची वाट उघडी पडली होती. त्या वाटेनं काठावरचे चार नर आत घुसले होते. बेटावरचा जुना नर जखमी होऊन देवळामागे बसला होता, आणि नव्यांनी दोन तान्ही पिल्लं मारली होती. वानरांत असं होतं. मी ते वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.

मामा पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन त्यांना हुसकायला निघाला. मी त्याचा हात धरला.

"राहू द्या मामा. यांना आत राहू द्या."

"पिल्लं मारायलेत बाई ते."

"दिसतंय मला."

त्यानं काठी टाकली आणि तो रडला. मी बरोबर केलं की नाही, हे मला पुढे कितीतरी दिवस कळत नव्हतं.

श्रावणात मला मुलगी झाली. पाऊसही बरा लागला होता. डॉक्टरांनी तिला नीट तपासून अगदी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मी सगळं नवऱ्याला बोलून टाकलं. तो म्हणाला, "मला पण तीच भीती होती. तुला कसं सांगावं कळत नव्हतं." किती तरी महिने आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती. दवाखान्यात आम्ही दोघं इतके हसलो, की नर्सबाई बघायला आल्या.

पौषात मुलीला घेऊन गेले. धरणात पुन्हा पाणी होतं, वाट बुडाली होती. चार नरांपैकी एक बेटावरच राहिला होता, आणि इथले काही तरुण नर पाणी चढायच्या आत काठाला निघून गेले होते. टोळीत सहा नवी पिल्लं होती, दिवस मोजले तर नव्या नरांचीच. होडीत बसून मी दुर्बिणीतून एकेक शेपटी पाहून सांगत होते आणि मामा प्रत्येक वेळी विचारत होता, "सरळ हाय?"

"सरळ आहे."

सहाव्या पिल्लानंतर त्यानं दुर्बीण मागून घेतली आणि स्वतः पाहिलं.

"मंग कोप न्हवता. म्या पाप केलं न्हाई म्हणायचं."

"नाही केलंत, मामा."

त्यानं धरणाच्या पाण्यानं तोंड धुतलं, पंच्याला हात पुसले आणि पोरीला मांडीवर मागितलं. ती त्याच्या मिशा ओढत होती. वल्ही तशीच पडून होती. वाऱ्यानं होडी भलत्याच काठाला लागली, आणि आम्ही हरभऱ्याच्या रानातून मैलभर चालत एसटीच्या थांब्यावर आलो.