मागची गाडी

आमचे उस्ताद रस्त्यानं कधीच कोणाबरोबर चालले नाहीत. ते दहा पावलं पुढे असत आणि सारखे मागे वळून बघत. लग्न होऊन मी बिबवेवाडीच्या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळे देवदर्शनाला निघालो. सासरे चारदा वळलेले बघून मला वाटलं, माझ्या चालण्यातच काहीतरी चुकतंय. मी पदर सारखा केला, चपला बघितल्या. शेवटी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, खुलासा केला, "तुझं काही नाही गं. ह्यांच्या डोक्यातून अजून ट्रक उतरलेला नाही."

उस्ताद सव्वीस वर्षं लष्करात होते. आधी डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवले, शेवटी खडकीला नव्या ड्रायव्हरांना शिकवलं. ती पोरं उस्ताद म्हणत, तेच नाव पुढे सोसायटीतही चिकटलं. घाटात ट्रकांची रांग निघाली की प्रत्येकानं आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवायची, असा तिकडचा रिवाज. "पुढची गेली तर जाऊ दे," ते सांगत. "मागची आरशात दिसंना झाली की आपण थांबायचं. तिचं काय झालं ते आपल्याबिगर कुणाला कळणार?" निवृत्तीनंतर ट्रक गेले आणि मागच्या गाडीच्या जागी आई आल्या.

तुळशीबागेत आई भांड्यांपाशी रेंगाळल्या की उस्ताद भर गर्दीत खांबासारखे उभे राहत. एकदा एक गृहस्थ धडकले आणि म्हणाले, "अहो, हा रस्ता आहे. पुतळ्यांसाठी चौक असतात." उस्ताद शांतपणे म्हणाले, "मागची गाडी यायचीय." आईंना मात्र ह्याचं कौतुक नव्हतं. "सव्वीस वर्षं मी दोन पोरं घेऊन गावाकडं मागंच होते की," त्या ऐकवत. "तेव्हा कुठं होता तुमचा आरसा?"  यावर उस्ताद आईंच्या हातातली पिशवी घेत आणि पुन्हा दहा पावलं पुढे जात. ती सव्वीस वर्षं त्यांना भरून काढायची होती, असं मला आता वाटतं.

पुढे आईंची मूत्रपिंडं थकली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. उस्ताद स्वतः गाडीनं नेत, चार तास बाहेर बाकावर बसत आणि परत आणत. मग त्यांनाच काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणायच्या आत त्यांनी घरी येऊन किल्ली माझ्यासमोर ठेवली. माझा नवरा चाकणला पाळीत काम करणारा, त्याच्या वेळेचा भरवसा नाही.

"रिक्षा आहेत की," मी म्हणाले.

"रिक्षात तिला किती त्रास होतो, तू बघितलंयस."

बघितलं होतं. पण मुलगी तीन वर्षांची असताना मी तिला घेऊन स्कूटरवरून पडले होते. तिच्या हनुवटीवरची टाक्यांची खूण बघितली की माझे हात गार पडत. त्यानंतर मी सायकललासुद्धा हात लावला नव्हता. तरी आईंसाठी मी शिकायला बसले.

घरात मला अगंतुगं करणारे उस्ताद गाडीत बसले की "तुम्ही" म्हणत. ज्याच्या हातात चाक, त्याला अहोजाहो. पहिले चार दिवस त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही.

"आरशात काय दिसतंय?"

"पेरूवाला."

"त्याच्या मागं?"

"कुत्रं."

"कुत्र्याच्या मागं?"

"शेपटी!" मी चिडून म्हणाले.

"बरोबर. ती बी आपलीच जबाबदारी."

महिनाभरानं आमच्या घराजवळच्या चढावर गाडी बंद पडून मागे घसरली. मी कसाबसा हँडब्रेक ओढला. मागे टेम्पो, त्याच्यामागे हॉर्नचा नुसता गदारोळ. एक रिक्षावाला शेजारून जाताना म्हणाला, "ताई, गाडी पुढंपण जाते, बरं का!" मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायला लागले. "मला नाही जमायचं, बाबा. आईंना कुठेतरी आपटीन मी."

उस्ताद उतरले. मला वाटलं, समजूत काढायला माझ्या दाराशी येतील. ते मागे गेले, हात करून टेम्पो मागे सरकवला आणि आमच्या गाडीच्या मागे दोन पावलांवर उभे राहिले. आरशात त्यांची पांढरी मिशी दिसत होती. "मी हितं उभा हाय!" ते ओरडले. "आता घ्या वर!"

मला त्यांचा इतका राग आला की रडू थांबलं. त्यांनी शिकवलं तसं सगळं क्रमानं केलं आणि गाडी चढ चढून गेली. वर पोहोचल्यावर मी डाव्या बाजूला थांबले. आरशात उस्ताद एका हातानं कठडा चाचपत हळूहळू येत होते. ते दिसत होते तोवर मला कसलीच घाई नव्हती.

घरी आईंनी त्यांना फैलावर घेतलं. "वेड लागलंय का तुम्हाला? अंगावर आली असती म्हणजे?"

"तिला येतंय हे मला ठाऊक होतं," उस्ताद बशीत चहा ओतत म्हणाले. "तिला ठाऊक नव्हतं."

पुढच्या सोमवारपासून मी आईंना न्यायला लागले. आई माझ्या शेजारी आणि उस्ताद मागच्या सीटवर. पुढे पुढे त्यांना जवळपास काहीच दिसत नसे, तरी दर सिग्नलला विचारत, "मागं कोण?" मी सांगत असे. गेल्या वर्षी चार दिवसांच्या तापानं ते गेले. त्यानंतर कित्येक दिवस स्वारगेटच्या सिग्नलला माझ्या तोंडून निघून जायचं, "बस आहे, बाबा." आई ऐकून घेत.

यंदा मुलगी कॉलेजला जायला लागली आणि तिनं हट्टानं दुचाकी घेतली. मी नको नको म्हणत होते, पण उस्तादांची नात ती, ऐकते कसली! पहिल्या दिवशी मी आईंना डायलिसिसला नेताना तिनं माझ्या गाडीमागून यायचं ठरलं. स्वारगेटचा सिग्नल ओलांडला आणि बघते तर आरशात तिचं पिवळं हेल्मेट नाही.  गाडी डावीकडे घेऊन थांबले. "काकू, झोप झाली का?" असं कोणीतरी विचारूनही गेलं. दोन मिनिटांनी पिवळं हेल्मेट आईंच्या काचेपाशी येऊन उभं राहिलं. पट्ट्याच्या वर हनुवटीवरची ती खूण दिसत होती.

"मम्मी, कशाला थांबलीस? सिग्नल लागला होता. मला रस्ता येतो!"

मी तोंड उघडायच्या आत आईंनी काच खाली केली. "रस्ता येतो गं तुला. पण आम्हाला तू दिसायला नको?"

पिवळं हेल्मेट गाडीच्या मागे जाऊन थांबलं. आईंनी काच वर करून मांडीवरची पिशवी नीट केली. नवऱ्याला त्यांनी जन्मभर नुसतं "अहो" म्हटलं होतं, खडकीच्या पोरांनी दिलेलं ते नाव कधी तोंडून काढलं नव्हतं. त्यांनी बाजूच्या आरशात एकदा नीट बघितलं.

"दिसतीय," त्या मला म्हणाल्या. "चला, उस्ताद."