जाऊबाई आणि शेळीचं रबर

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा या जगात फक्त एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास आहे, आणि ती म्हणजे उकळतं पाणी. देवावरही आहे म्हणा, पण देवाची निरांजनंसुद्धा त्या उकळून काढतात, तेव्हा तो विश्वास कितपत पक्का समजायचा ते तुम्हीच ठरवा. कोल्हारला आमचं घर नदीपासून जरा वर, गोठ्यात संकरित गाई, आणि गोठ्याला लागून जाऊबाईंची चूल. तिच्यावर सकाळी धारा काढायच्या आधीपासून एक मोठं पातेलं रटरटत असतं. किटल्यांची झाकणं, दूध काढायच्या मशीनची रबरं, चमचे, नातवांची खेळणी, जे हाताला लागेल ते त्यात जातं. एकदा दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, दोन दातांची कवळी गेली. ती बाहेर आली तेव्हा तिचा आकार दादांच्या तोंडाशी जुळेना आणि दादा बरेच दिवस 'स'ला 'श' म्हणत हिंडले. पाहुण्यांना पाणी द्यायचं तर पेला आधी उकळत्या पाण्यातून निघतो, त्यामुळे आमच्याकडे गार पाणी प्यायचं ते चटके सोसत. आमचे एक चुलतसासरे तर पाणी नको म्हणूनच सांगतात, तहान लागली तरी.

दुसरी गोष्ट त्यांच्या बोलीची. सारं आयुष्य गाईंत गेल्यामुळे बाईमाणसांच्या प्रकृतीविषयी बोलायला त्यांच्याजवळ वेगळे शब्दच नाहीत. शेजारची सून गरोदर आहे हे त्यांनी मला फोनवर सांगितलं ते असं: "गाभन हाय, दिवाळीच्या पुढं व्येल." भाच्याला सांगून आलेली मुलगी पाहून आल्यावर म्हणाल्या, "हाडापेरानं बरी हाय, पर खुरं लई नाजूक." माझ्या बाळंतपणात त्या दवाखान्यात आल्या आणि नर्सला दरडावून विचारलं, "वार समदी पडली का? न्हाई, मला दाखवा." नर्स घाबरून डॉक्टरांना घेऊन आली. मी खाटेवर पडल्या पडल्या हसत होते, टाके दुखत होते तरी. या बाईचा राग येतच नाही. आला तरी तो त्यांच्यावर टिकत नाही.

आता मूळ गोष्ट. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायचं काम करते. पाळीच्या दिवसांत तासन्‌तास उभं राहायचं आणि पॅड बदलायचं तर सुपरवायझरची परवानगी मागायची, तोही पुरुष. त्याला कंटाळून मी कप वापरायला लागले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: मऊ सिलिकॉनचा, छोट्या घंटेसारखा, खाली बारीक देठ. घडी घालून आत बसवायचा, आत गेला की उघडतो आणि रक्त त्यात साठतं. रिकामा करायचा, धुवायचा, पुन्हा वापरायचा. एका सुट्टीत मी कोल्हारला आले होते. पाळी संपली होती, म्हणून कप उकळून मागच्या खिडकीत, जिथे मशीनची रबरंही वाळत असतात, तिथेच एका वाटीत वाळत ठेवला. दादांनी तो पाहिला. बायकोने मशीनचा नवा सुटा भाग आणलेला दिसतोय आणि एकच आणलाय, असं समजून त्यांनी तो खिशात टाकला आणि थेट बाजारात मशीनच्या दुकानी गेले. असेच आणखी तीन द्या म्हणाले. गाईला सड चार असतात, हिशोब बरोबर होता. दुकानदाराने म्हणे तो उलटासुलटा केला, ताणून पाहिला, देठ ओढला, आतून फुंकर मारली आणि सांगितलं की हे गाईचं नव्हे.

जेवणाच्या वेळी दादा परत आले. मी वाढत होते. त्यांनी खिशातून कप काढून ताटाशेजारी ठेवला आणि जाऊबाईंना म्हणाले, "हे शेळीच्या मशीनचं रबर हाय म्हन्तो तो. आपल्यात शेळी न्हाई, मंग हे आनलं कुनी?" माझ्या हातातली आमटी ताटाऐवजी पाटावर गेली. धरणी दुभंगली असती तर मी आमटीच्या पळीसकट आत गेले असते. जाऊबाईंनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, कप उचलला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बाईमानसाचं हाय. जेवा मुकाट." दादांना नक्की काय समजलं ठाऊक नाही, पण जेवण होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही आणि त्या मशीनच्या दुकानात पुढे वर्षभर ते गेले नाहीत.

आत गेल्यावर मी चाचरत सगळं समजावलं. वाटलं, आता नाक मुरडतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "उकळून चालतो?" म्हटलं, चालतो, पाळी यायच्या आधी आणि संपल्यावर उकळायचाच, मधे स्वच्छ पाण्याने धुतला की झालं. तर त्यांचा चेहरा असा उजळला की मुलाच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. "आन काढायचा कसा?" मी सांगितलं, नुसता देठ धरून ओढायचा नाही, आत हवा धरून बसतो, बुडाशी चिमटा घेऊन आधी हवा सोडायची. त्या लगेच म्हणाल्या, "मंग मशीनवानीच की. मशीन बंद न करता रबर वढलं की सडाला इजा व्हती. आधी हवा सोडायची, मंग वढायचं." दुकानात फिरून आलेला माझा कप त्यांनी चहाच्या गाळणीत ठेवून, पातेल्याच्या बुडाला चिकटू न देता, माझ्यादेखत दोनदा उकळला. तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून तिसऱ्यांदा उकळायला निघाल्या, तेव्हा मी तो हिसकावून घेतला. ती गाळणी मात्र चहाच्या कामातून कायमची गेली.

त्यानंतर जाऊबाईंनी जे आरंभलं त्याला तोड नाही. मी येताना कप घेऊन यायचे आणि त्या ते भावकीत, दूध संकलन केंद्रावर, चर्चमधल्या शिवणवर्गाच्या बायकांत वाटायच्या. प्रत्येकीची नखं आधी तपासायच्या. नख वाढलेलं दिसलं की, "आधी काप, मंग ये." घडी कशी घालायची हे पानाचा विडा वळावा तसं वळून दाखवायच्या. "बारा तासाच्या आत काढायचा म्हंजी काढायचा, धार चुकवतो का आपन?" असं बजावायच्या. कुणी कुजबुजली की मोठ्याने बोलायला लावायच्या. एकीने कप धुऊन चोळीखाली झाकून वाळत घातला हे कळल्यावर तिच्या घरी जाऊन त्यांनी इतका गोंधळ घातला की तिचा नवरा मोटारसायकल काढून निघून गेला. आणि एवढं करून, "तुमी वापरता का वो?" असं कुणी विचारलं की एवढंच म्हणायच्या, "माझं सोड."

मी त्यांच्यासाठीही एक आणला होता. तो त्यांनी मला परत दिला. "दुसरीला दे. माझी पिशवी काढलीया." मी चरकले. त्या तेव्हा कुठे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या होत्या. मग गोठ्यात शेण भरता भरता त्यांनी सांगितलं, मी या घरात यायच्या आधीची गोष्ट. नव्या संसारात पाळीची फडकी वापरायच्या. ती उन्हात घालायची सोय नव्हती, सासूबाईंना चालायचं नाही. न्हाणीच्या मागे, अंधारात, लुगड्याच्या आड ओलीच राहायची. पावसाळ्यात तशीच ओली नेसायची. जगातली प्रत्येक वस्तू उकळणाऱ्या या बाईला स्वतःची फडकी मात्र कधी उकळता आली नाहीत. खाज, दुखणं, अंगावरून पांढरं जाणं सुरू झालं. तालुक्याच्या एका डॉक्टरने वरवर विचारपूस केली आणि पिशवी खराब झालीय, काढून टाका म्हणाला. घरातही सगळ्यांचं एकमत झालं, एक मुलगा आहे, आता कटकट कशाला. गावातल्या कितीतरी बायकांच्या काढलेल्या होत्याच. तिशी नुकतीच लागली होती त्यांना. "मला पोरगी पायजे हुती," त्या म्हणाल्या. शेणाची पाटी तशीच धरून उभ्या होत्या. "त्याच साली आपल्या गाईचं आंग, म्हंजी पिशवीच, भायेर आलं हुतं. दोन डाक्टर आनले, घातलं आत, टाकं मारलं, मी तीन दिस तिच्यापाशी बसून. गाय इकून टाका कुनी म्हनलं न्हाई. गाईला दोन डाक्टर, आन मला कुनी हात लावून बी बघितलं न्हाई." हे सांगताना त्या रडल्या नाहीत. मलाच रडू आलं, आणि त्यांनी मला पाटी उचलायला लावली.

मागच्या वर्षी त्यांच्या सुनेचं दुखणं निघालं. पोरगी सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. अंगावरून फार जायला लागलं. कप वापरत होती म्हणून किती जातं ते डोळ्यांना दिसत होतं. सकाळी बसवलेला कप न्याहारीपर्यंत भरून वाहायचा. पांढरीफटक पडली. तालुक्याला दाखवलं, तर नव्या डॉक्टरने जुनंच वाक्य काढलं: दोन मुलं झालीत, पिशवी काढून मोकळे व्हा. घरात पुन्हा तेच सुरू झालं. मुलगा म्हणाला, डॉक्टर सांगतोय तर काढू. सून बिचारी कशालाही मान हलवत होती, तिच्यात बोलायचं त्राणच नव्हतं. आणि जाऊबाई, ज्यांनी आजवर घरातल्या पुरुषांपुढे जेवणाशिवाय दुसऱ्या विषयावर फर्मान काढलं नव्हतं, ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "तिच्या पिशवीला हात लावायचा न्हाई. आधी दुसरा डाक्टर." मुलगा वाद घालायला लागला तेव्हा म्हणाल्या, "तुजी आय गेली त्याच वाटंनं. तवा तू ल्हान हुतास. आता मोटा झालास, आता तरी बघ." दादांनी तेव्हा मान खाली घालून खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

नगरला मी ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेतली होती. त्यांनी सुनेला नीट तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. थायरॉईडचा त्रास होता आणि अंगात रक्त अगदी कमी. गोळ्यांनी आटोक्यात येईल, पिशवीला काही झालेलं नाही, असं त्या म्हणाल्या. सून ओढणीत तोंड घालून हुंदके द्यायला लागली. आम्ही उठलो, दारापर्यंत आलो, आणि जाऊबाई मागे वळल्या. मला वाटलं, सुया-कात्र्या उकळता का म्हणून विचारणार. त्यांनी विचारलं, "बाई, माझी काढली अठरा सालं झाली. औषदानं माझीबी ऱ्हायली असती का वो?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मावशी, तेव्हा मी तुम्हाला तपासलेलं नाही. खोटं कसं सांगू? मला नाही सांगता येणार."

"बरं," जाऊबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करून बाहेर आल्या.

परतीच्या वाटेवर पुढे दादा गाडी चालवत होते, मागे आम्ही तिघी. सून मधे बसून झोपून गेली होती, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. राहुरी मागे पडेपर्यंत जाऊबाई नुसत्या सुनेच्या केसांवरून हात फिरवत होत्या. मग खिडकीबाहेर बघत, दादांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाल्या, "बरं झालं डाक्टरीनबाईंला सांगता आलं न्हाई. ऱ्हायली असती म्हनल्या असत्या, तर मी आता काय केलं असतं गं?"

मी सुनेच्या अंगावरची घसरलेली ओढणी सारखी केली. त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.