श्रीपतीभाऊंच्या रक्ताची हरकत

परंदवडीपासून वडगावपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत ज्यांची लग्ने झाली, त्यांतील बहुतेक नवरदेवांना मारुतीच्या देवळापर्यंत श्रीपतीभाऊंच्या घोडीने नेले आहे. सध्याच्या घोडीचे नाव हौसा; तिच्याआधी तिची आई होती. भाऊंची भातशेती आहे, पण कुणी शेतकरी म्हणून ओळख करून दिली तर त्यांना ते फारसे रुचत नाही. "भात समदेच लावत्यात. घोडी कोण पाळतंय?" असा त्यांचा सवाल असतो.

अशा या माणसाला एक दुःख होते. घोडीला खरारा करताना, खोगीर आवळताना त्यांना शिंका येत. डोळे लाल होत, नाक वाहू लागे, कधी छातीत शीळही वाजे. वरातीच्या घोडेवाल्याने शिंकावे, यापरती आपत्ती नाही. नवरदेवाने रिकिबीत पाय ठेवला आणि शिंक ऐकू आली, की वरमाय सगळी मिरवणूक जागीच थांबवते आणि पुढल्या लग्नघरी जाऊन ते सांगते. यावर भाऊंनी तपकिरीची डबी बाळगण्याचा उपाय काढला. शिंक आली की डबी सर्वांना दिसेल अशी वर धरायची. तपकिरीची शिंक अपशकुनात धरत नाहीत, हा नियम त्यांनी स्वतःच काढला आणि गावाने तो विनातक्रार मान्य केला. डबी वर्षानुवर्षे रिकामी आहे, हे एकट्या रतनबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ठाऊक होते.

मागच्या दिवाळीत मी गावी असताना, भाताच्या पेंढ्या उचलत असलेल्या भाऊंच्या हाताला घोणस चावली. शेजारच्या वावरातून हनुमंतराव धावत आले. त्यांच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले होते आणि त्यासाठी हौसाही ठरली होती. त्यांनी आणि रतनबाईंनी भाऊंना माझ्या गाडीत बसवले. तळेगावच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होते. भाऊंचे लक्ष मात्र गावाकडे होते.

"हौसाला पाणी दावायचं ऱ्हायलं," ते म्हणाले.

"आधी तुमी ऱ्हावा," रतनबाई म्हणाल्या.

डॉक्टर अनघा यांनी भाऊंचे रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवले. ते गोठेना, म्हणजे विष रक्तात भिनले होते. सापाच्या विषावरचे इंजेक्शन द्यावेच लागेल, असे सांगून त्यांनी विचारले, "घोड्यांशी कधी संबंध आला आहे?"

भाऊ त्या अवस्थेतही सुखावले. "वरातीची घोडी हाय माजी, डाक्टरबाई."

"तिच्याजवळ गेल्यावर शिंका, धाप, अंगावर गांधी उठणं, असं काही होतं?"

भाऊंनी दाराशी उभ्या असलेल्या हनुमंतरावांकडे पाहिले. मग छताकडे. "न्हाई. शिंका येत्यात त्या तपकिरीच्या."

"नक्की?"

"व्हय."

खोलीत हनुमंतराव होते, म्हणजे जे काही बोलले जाईल ते उद्या सगळ्या गावाला कळणार होते. पण नळीतले रक्त अजून पाण्यासारखे हलत होते. "बाई, खोटं बोलत्यात ते," रतनबाई म्हणाल्या. "डबीत तपकीर न्हाईच. घोडीपाशी गेलं की शिंकत्यात, रातभर धाप लागती. लय वर्सं झाली."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. हनुमंतराव हळूच म्हणाले, "म्हंजी आमच्या थोरल्याच्या वरातीतली शिंक..."

"घोडीची," रतनबाई म्हणाल्या.

"तरीच सून आसली भांडकुदळ."

"सून ब्येस हाय. तुमीच लय बोलता."

डॉक्टरांनी हातातले काम न थांबवता सगळे समजावले. घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात. त्याचे शरीर त्या विषाला अडवणारी प्रतिपिंडे तयार करते आणि तीच त्याच्या रक्तातून काढून, शुद्ध करून माणसाला देतात. माणसाच्या शरीराला मात्र घोड्याची ही मदतदेखील परकीच वाटते, आणि तिच्याविरुद्ध ते स्वतःची प्रतिपिंडे उभी करते. भाऊंच्या शरीराने तर घोडीच्या अंगावरच्या कोंड्याविरुद्ध ती आधीच करून ठेवलेली दिसतात. त्यामुळे त्रास होईलच असे नाही, पण झाला तर तो झपाट्याने होईल.

"मंग देऊ नगा," भाऊ डोळे न उघडता म्हणाले.

"न देऊन चालणार नाही. विष थांबायचं नाही. फक्त आता मला तयारीनं देता येईल."

सलाईनमधून औषध हळू सोडले. थोड्याच वेळात भाऊंच्या मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकू लागला. डॉक्टरांनी सलाईन थांबवले आणि भरून ठेवलेली ॲड्रेनलिनची सुई मांडीत टोचली. श्वास मोकळा झाल्यावर औषध आणखी हळू पुन्हा सुरू केले. संध्याकाळी नळीतले रक्त गोठले.

भाऊंना जिवाची काळजी वाटली असेल. बोलून दाखवला तो अपमान. "लेकीवानी संभाळली तिला, आन माजंच रगत तिच्यावर उठलं?"

"सांभाळलंत तुम्ही. रक्ताला कुणी सांगितलं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या.

घरी आल्यावर आठवड्याभराने ताप आला, सांधे आखडले. गावाने विष मुरल्याचे निदान केले. डॉक्टरांच्या मते ती घोड्याच्या औषधावर शरीराने सावकाश घेतलेली दुसरी हरकत होती. गोळ्यांनी तीही मिटली. मात्र तबेल्यात पाऊल टाकायचे नाही, असे भाऊंना बजावले गेले.

भाऊ आता घोडी विकणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले. लोणावळ्याहून, पर्यटकांना घोड्यावर फिरवणारा एक जण बघायलाही आला. भाऊ ओसरीवर मान खाली घालून बसले. रतनबाईंनी त्याला चहा दिला आणि घोडी द्यायची नाही, असे सांगून वाटेला लावले. त्याच संध्याकाळी खरारा त्यांनी हातात घेतला.

धाकट्याच्या लग्नात हनुमंतरावांच्या घरी बाईने लगाम धरण्यावरून थोडी कुजबुज झाली. हनुमंतराव म्हणाले, "घोडीची हरकत न्हाई, मग तुमची कसली?" वरात निघाली. पुढे रतनबाई आणि हौसा, मधे बँड, आणि त्याच्याही मागे तोंडाला मास्क लावलेले श्रीपतीभाऊ. वळणावर त्यांनी मास्क खाली ओढून ओरडून सांगितले, "लगाम ढिला सोड."

बँडच्या आवाजात ते रतनबाईंना ऐकू आले की नाही, कोण जाणे. त्यांनी लगाम आणखी आवळला आणि घोडी मारुतीच्या देवळाकडे वळवली.