मुकादमाची पिशवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. त्यातला एक मुकादम आदल्या दिवशी एकटाच माझ्या हॉस्पिटलात यायचा, आणि मी त्याची पिशवी अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी भरून द्यायचो. फडात डॉक्टर कुठला, अशी मी मनाची समजूत घालायचो. खरं म्हणजे त्या बदल्यात तो माझ्याकडे पेशंट पाठवायचा. फडावर कुणाला खोकला, जुलाब, कंबरदुखी, काहीही असो, तो दोन गोळ्या द्यायचा. बरं वाटलं की बंद.

गेल्या हंगामात त्याच टोळीतली घाटनांदूरकडची एक बाई फड सोडून माझ्याकडे आली. पायाला कोयता लागलेला, जखम पिकलेली. फडावर गोळ्या खाऊन झाल्या होत्या, गुण नव्हता. मी पू काढला, जखम धुतली, पू तपासायला पाठवला. कपाटात सगळ्यात भारी इंजेक्शन होतं. पूर्वी तेच आधी टोचलं असतं. पण ताप नव्हता, लाली पसरत नव्हती. थांबायचं ठरवलं आणि सारखा जाऊन पाय बघत राहिलो.

तिची सासू दारातच ठाण मांडून. "डाक्टर, भारी सुई कावून देईनात? औषध कारखान्यावरून यायचंय का काय?"

"मावशी, कोणतं लागू पडतंय ते कळू द्या."

"तवर पाय गेला म्हंजे?"

भीती मलाही तीच होती.

रिपोर्ट आला. मी पिशवीत भरायचो त्यातलं एकही औषध त्या जंतूंवर चालत नव्हतं. चालणारं होतं एक जुनं, साधं, मी विसरूनच गेलेलं. बाईला एवढंच सांगितलं की फडावरच्या गोळ्या या जंतूंवर चालत नाहीत. ते जुनं औषध सुरू केलं, आणि सूज उतरली. बाई स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत चालत गेली, तेव्हा मला अंगणात उभं राहून ओरडावंसं वाटलं. भारी इंजेक्शन कपाटात तसंच होतं.

तेव्हापासून आमच्याकडे भारी औषध दोन डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय निघत नाही. रिपोर्ट आला की बदलायचं, गरज संपली की थांबवायचं.

यंदा मुकादमाच्या पिशवीत मी जुलाबावरची मीठ-साखरेची पावडर, पट्ट्या आणि माझा फोन नंबर घातला. दुसऱ्या दिवशी निघालेली टोळी, त्या बाईचा पाय दाखवायला, हॉस्पिटलपाशी थांबली. पाय ठणठणीत होता. ट्रॅक्टरवर कुणीतरी पिशवी उघडून गोळ्या कुठायत म्हणून विचारलं.

"न्हाईत तेच बरं!" ती बाई ओरडली. "मुकादम, तुमच्या त्या गोळ्यांला जंतूबी हसत्यात!"

सगळा ट्रॅक्टर हसला. मीही हसलो, लई दिवसांनी मोकळा. मुकादमानं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी परत बांधायला घेतली.

गोळ्या माझ्या होत्या. हे तिला तोंडावर सांगणं अजून बाकी आहे.