खुराड्याची जागा थेट मुंगसाच्या दारात

ग्रुपवाल्यांनो, दुपारपासून डोकं तापलं हाय म्हणून लिहून राह्यली.

आमच्या अंगणात पहिल्यांदाच दहा गावरान कोंबड्या आणायच्या हायत. खुराडा कुठं बांधायचा, हे ठरवायले माझा दीर आदिलाबादहून आला. कोंबडीशी त्याचा संबंध फक्त रश्श्यापुरता, पण मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून साहेब इंजिनियर झाले.

टेप लावला, चुना टाकला, अन् खुराडा आखला कुठं? पऱ्हाटीच्या ढिगाले लागून! म्हणे, सावली भेटते.

म्या म्हटलं, "भाऊजी, कपाशीच्या त्या वाळल्या काड्यांत मुंगूस राह्यते. एक कोंबडी ठेवणार नाही ते."

"वहिनी, तुमी चुलीकडं पाहा," तो हसला. आमचे मालकही मान डोलावून राह्यले होते.

तेवढ्यात ढिगातून मुंगूस निघालं. चुन्याची रेघ ओलांडली, सगळी जागा हुंगली अन् सावकाश परत आत गेलं.

दीर काय म्हणाला? "जाईन ते आपोआप. आता चुना टाकून झाला."

म्हणजे मुंगसानं घर बदलायचं, पण याची रेघ हलणार नाही!

म्या खराटा घेतला, चुना झाडून टाकला अन् माझ्या चुलीसमोरच्या खिडकीखाली चार दगड मांडले. तिथून मले दिवसभर कोंबड्या दिसतीन. दोघं भाऊ फुगून बसले हायत.

आता सांगा, खुराड्याचं दार कोणत्या बाजूनं ठेवू? ज्यायनं एकदा तरी सोताच्या हातानं खुराडा झाडला, त्यायनंच सांगा. बाकीच्यायनं रश्श्याची वाट पाहावी.