धनुर्वाताची खोली

साताऱ्याच्या दवाखान्यात मी सहा वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. आम्हा नर्सेसमध्ये थिएटरला मान होता. पेशंट आत यायचा तो अर्धवट गुंगीत आणि बाहेर जायचा तो बेशुद्ध. सहा वर्षांत शेकडो पोटं उघडलेली पाहिली, पण त्यातलं एकही माणूस बाजारात मला ओळखत नव्हतं आणि मीही कुणाला ओळखत नव्हते.

आई गेली तेव्हा मी थिएटरमध्येच होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आमचं गाव कुंडलच्या बाजूचं. आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, तण काढायला जायची. त्या सकाळी ती बांधावर बसली आणि तिथंच कलंडली. गावच्या पोस्टातून ट्रंक कॉल आला. आयाने थिएटरच्या दाराशी येऊन हळू आवाजात सांगितलं. टेबलावर एका बाईचं पोट उघडलेलं होतं. मी "बरं" म्हटलं आणि पोट शिवण्याआधी गॉज मोजले. सगळे होते.

टाके घालून झाल्यावर सर्जन म्हणाले, "सिस्टर, तुम्ही निघा. दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो."

मी म्हटलं, "अजून दोन केसेस आहेत."

मला कुणी थांबवलं नव्हतं. मीच थांबले. दोन्ही केसेस केल्या, अवजारं धुतली, उकळायला लावली आणि मग एसटी स्टँडवर गेले. घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. माझी वाट बघून चारच्या सुमाराला लोकांनी आईला नेलं होतं. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती जळत होती. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, दोन घास खा." मी दोन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतर मला काहीच झालं नाही. झोप लागायची, भूक लागायची. मैत्रिणी म्हणायच्या, धीराची आहेस. धीर कसला? पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं ते होतं.

महिन्याभराने टेबलावर एक म्हातारी होती. हिरव्या कापडांनी सगळी झाकलेली, पोटाचा चौकोन तेवढा उघडा. एका बाजूने तिची पावलं बाहेर आली होती. टाचांना भेगा, भेगांत काळी माती. मी बघत राहिले. सर्जनना कात्री दोनदा मागावी लागली. मला त्या म्हातारीचं तोंड बघायचं होतं. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रनबाईंकडे अर्ज घेऊन गेले. त्यांनी तो वाचून खाली ठेवला.

"थिएटर सोडून बेडपॅन द्यायला जाणारी तू पहिलीच. लोकांना वाटेल, शिक्षा झाली."

"वाटू दे."

"पण का?"

"मला पेशंटचं तोंड दिसत नाही, मॅडम."

त्यांनी अर्ज परत उचलला आणि सही केली. साताऱ्यात वॉर्डला जागा नव्हती. तीन महिन्यांनी सांगलीची ऑर्डर आली.

सांगलीला वॉर्डच्या थोरल्या सिस्टरनी मला व्हरांड्याच्या टोकाची खोली दिली. तिथं जायला कुणी राजी नसायचं. ती धनुर्वाताची खोली. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, ट्रॉलीच्या चाकांना चिंध्या गुंडाळलेल्या. भर दुपारीही आत संध्याकाळ. या रोग्याला उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही. वाटी पडली तरी झटका येतो आणि अंग कमानीसारखं वाकतं. शुद्ध मात्र शाबूत असते. सगळं कळत असतं.

थोरल्या सिस्टरनी मला एकच गोष्ट शिकवली. "न सांगता हात लावायचा नाही. आधी बोलायचं, मग हात. खालच्या आवाजात, एका सुरात."

तिथं माझी पहिली पेशंट चाळिशीची बाई होती. ऊस तोडलेल्या रानात उसाचा टोकदार बुडखा पायात घुसला होता. आठवड्याने दातखीळ बसली. तिचा नवरा फौजेतून पेन्शनवर आलेला. दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसून असायचा.

"आवं सिस्टर, जगंल का वो?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"बरं झालं, खोटं न्हाई बोलला."

तिच्या नाकातल्या नळीतून द्यायला तो रोज दूध आणायचा आणि तांब्या माझ्या हातात द्यायचा. एकदा त्यानं विचारलं, "गाव कंचं तुमचं?" मी सांगितलं. "कुणाच्यातल्या?" तेही सांगितलं. "असं व्हय," म्हणाला आणि अंगणाकडं बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने तांब्या पायरीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी परत हातात दिला. मधल्या दिवशी त्याच्या मनात काय झालं, मला ठाऊक नाही. मी दोन्ही दिवशी तांब्या घेतला आणि दूध गाळलं.

मी आत जाऊन बोलत राहायचे. आता खांद्याला हात लावते. आता कूस बदलते. आता पाठीला स्पिरिट लावते, गार लागेल. सकाळपासून दुपारपर्यंत एवढंच किती बोलणार? मग जे तोंडाला येईल ते बोलू लागले. गाव, पोस्टातला फोन, दोन केसेस, दोन भाकरी. एका सुरात, आवाज न चढवता. आपण काय सांगतोय याकडे माझं लक्षच नसायचं.

तीन आठवड्यांनी तिचा जबडा बोटभर उघडला. मी चमच्याने पाणी दिलं. ते गिळून ती जड जिभेनं म्हणाली, "तुमची आई... बांदावर एकलीच हुती का वो?"

मी चमचा वाटीत ठेवला.

"माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही."

"इचारा की," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

ती जगली. दीड महिन्याने नवऱ्याच्या खांद्याला धरून, पाय ओढत का होईना, फाटकापर्यंत चालत गेली. त्यानंतरच्या सुट्टीला मी गावी गेले आणि आईच्या शेजारच्या ओळीत भांगलणाऱ्या मावशीला विचारलं.

"एकली कशाला? मी हुते न्हवं," मावशी म्हणाली. "म्हनली, ऊन लय हाय गं. मी डोकं मांडीवर घेतलं. पानी पाजलं, पर ते खालीच आलं. मग न्हाई बोलली."

"किती वेळ होती?"

"लय न्हाई."

मी घरी आले. भाऊ गोठ्यात होता. त्या दिवशी मला उशीर का झाला, ते त्याने आजवर विचारलं नव्हतं. मीच सांगितलं. दोन केसेस राहिल्या होत्या, आणि जा म्हटलं असताना मी गेले नाही.

तो वैरणीची पेंढी हातात धरून उभा राहिला.

"आमी चार वाजंपतुर आईला दारात ठेवली हुती, ताई. उन्हाचं. लोक म्हनत हुते, न्या आता. मी म्हनत हुतो, यील, ताई यील."

त्यानं पेंढी गव्हाणीत टाकली आणि आत गेला. जेवायला माझ्या पंगतीला बसला नाही. दिवाळी येऊन गेली तरी त्याचं पत्र आलं नाही. ते मला लागलं. त्या सकाळच्या फोननंतर मला लागलेलं ते पहिलंच काही.

त्या सुट्टीनंतरच्या सोमवारी मी ड्युटीवर हजर झाले होते. खोलीत आठ दिवसांचं मूल आलं होतं. विळ्यानं नाळ कापलेली. ते तिसऱ्या दिवशी गेलं. मी त्याला स्वच्छ पुसून फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या आजीच्या हातात दिलं. तेव्हाही मला रडू आलं नाही, पण त्याचं तोंड मी नीट पाहून घेतलं होतं. दोन वर्षांनी सांगलीच्याच थिएटरची जागा रिकामी झाली आणि मला विचारलं गेलं. मी नको म्हणून लिहून दिलं. भावानं त्याच उन्हाळ्यात मुलीच्या बारशाला बोलावलं. पत्र दोनच ओळींचं होतं. मी गेले, सगळ्यांच्या आधी पोचले आणि मावशीबरोबर चुलीपाशी बसून पोळ्या लाटल्या.